सिनेमातलं लहान मूल खरंच रडतं का? सेटवर दिग्दर्शक मुलांकडून अभिनय कसा करून घेतात?

सप्टेंबर २०२५ मधला तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये नक्की आला असेल. दिल्लीत ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले जात होते. साडी नेसलेली एक चिमुकली स्टेजवर आली, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याकडून पुरस्कार घेतला आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. ती होती 'नाळ २' मधली चिमी, म्हणजे त्रिशा ठोसर.

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार पाच जणांमध्ये विभागून दिला होता. त्यातले चार जण मराठी सिनेमातले. 'नाळ २' साठी त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, तर 'जिप्सी' साठी कबीर खंदारे.

मराठी सिनेमाला हे नवीन नाही. २००४ च्या 'श्वास' मधला परशुराम म्हणजे अश्विन चितळे, 'टिंग्या' मधला शरद गोयेकर, 'फँड्री' मधला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, पहिल्या 'नाळ' मधला चैत्या म्हणजे श्रीनिवास पोकळेच. या सगळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेत. यातल्या बहुतेकांनी त्याआधी कॅमेऱ्यासमोर कधी कामच केलं नव्हतं.

इथे एक साधा प्रश्न पडतो. मोठ्या नटाला दिग्दर्शक सांगू शकतो, "या सीनमध्ये तुझ्या बापाचा अपमान झालाय, तो गिळून तू हसतोयस." नट समजून घेतो, तयारी करतो, टेक देतो. पण सहा-सात वर्षांच्या पोराला हे कसं सांगणार? आणि सीनमध्ये ते पोर ढसाढसा रडत असेल, तर ते रडणं आलं कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना सिनेमाच्या इतिहासातले काही अतिशय गोड किस्से सापडतात. आणि काही असे, की ते वाचून तो सिनेमा पुन्हा बघावासा वाटत नाही.

दोन जॅकींची गोष्ट

पहिला जॅकी म्हणजे जॅकी कूगन. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड' मधला मोठी टोपी घातलेला पोरगा. त्यात एक सीन आहे. अनाथाश्रमाची माणसं पोराला गाडीत घालून घेऊन जातात आणि तो हात पसरून रडत राहतो. शंभर वर्षं झाली, सिनेमा मूकपट आहे, तरी आजही तो सीन बघताना गळा दाटून येतो.

चॅप्लिनने आत्मचरित्रात या सीनमागची गोष्ट सांगितली आहे. त्या दिवशी जॅकी इतका खुशीत होता की काही केल्या त्याला रडू येईना. शेवटी त्याचे वडील म्हणाले, मी रडवतो. त्यांनी पोराला सांगितलं, रडला नाहीस तर तुला इथून नेऊन खरोखरच आश्रमात टाकीन. पोरगा हमसून हमसून रडायला लागला आणि सीन झाला. नंतर चॅप्लिनने त्याला जवळ घेऊन समजावलं, तर पोरगा हळूच कानात म्हणाला की बाबा गंमत करत होते हे मला माहीत होतं.

दुसरा जॅकी म्हणजे जॅकी कूपर. साधारण दहा वर्षांनंतरची गोष्ट. १९३१ च्या 'स्किपी' सिनेमात त्याला रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. दिग्दर्शक होते नॉर्मन टॉरोग, जे जॅकीचे नातेवाईकच होते. सेटवर जॅकीचा लाडका कुत्रा होता. जॅकी रडत नाही म्हटल्यावर त्या कुत्र्याला गोळी घालू अशी धमकी दिली गेली. कुत्र्याला सेटच्या मागे नेलं गेलं आणि गोळीचा आवाज आला.

पोरगा कोसळला. कॅमेरा सुरू होता. सीन एकदम जिवंत झाला. कुत्र्याला काहीही झालेलं नव्हतं, पण ते कळल्यावरही जॅकीचं रडणं थांबेना.

या सिनेमासाठी टॉरोग यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर मिळालं. जॅकीला नवव्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं. आणि पन्नास वर्षांनंतर, १९८१ मध्ये, जॅकी कूपरने आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं, 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. माझ्या कुत्र्याला मारू नका.

आयुष्यभर अभिनय केला, दिग्दर्शन केलं, पुरस्कार मिळवले. पण आत्मचरित्राला नाव दिलं ते त्या एका दिवसाचं.

दोन्ही जॅकी रडले. दोघांचेही सीन उत्तम झाले. पडद्यावर बघणाऱ्याला फरक कळणारही नाही. फरक एकच होता. एकाला आतून ठाऊक होतं की हा खेळ आहे. दुसऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

भातुकली आणि 'टाईम प्लीज'

अभिनय म्हणजे काय, हे लहान मुलांना शिकवावं लागत नाही. भातुकली खेळणारी मुलगी रिकाम्या कपातून तुम्हाला चहा देते. तुम्ही फुर्र करून पिता. ती विचारते, "साखर बरोबर आहे ना?" कपात चहा नाही हे तिला माहीत असतं, तुम्हालाही माहीत असतं. तरी त्या क्षणी तो चहा खरा असतो.

रशियन रंगकर्मी स्तानिस्लावस्की यांनी अभिनयाची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हेच आहे. 'मी या जागी असतो तर?' असं समजून वागायचं. मोठ्या नटांना हे शिकायला वर्षं लागतात. मुलं ते रोज संध्याकाळी अंगणात करतात.

पण मुलांच्या प्रत्येक खेळात एक नियम असतो. मध्येच कुणाला लागलं, चप्पल निसटली किंवा कंटाळा आला, तर मूठ उघडून ओरडायचं, "टाईम प्लीज!" तेवढ्यापुरता खेळ थांबतो.

सेटवर मुलांसोबत चांगलं काम करणारे दिग्दर्शक काय वेगळं करतात, हे या दोन गोष्टींत सांगता येतं. ते मुलासाठी खेळ रचतात. आणि त्या खेळात 'टाईम प्लीज' म्हणायची सोय ठेवतात. जॅकी कूपरच्या सेटवर ही दुसरी गोष्ट नव्हती.

आता बघूया, हा खेळ रचतात कसा.

पद्धत १ : भावना मागू नका, काम द्या

सत्यजित राय १९५२ मध्ये 'पथेर पांचाली' चं शूटिंग सुरू करत होते. हा त्यांचा पहिलाच सिनेमा. पांढऱ्या तुऱ्यांच्या काशगवतातून छोटा अपू बहिणीला शोधत चालतो, हा सीन घ्यायचा होता. अपूचं काम करणारा सुबीर बॅनर्जी याने कधीच अभिनय केला नव्हता.

सीन सोपा वाटतो. पोराने चालायचं, थांबायचं, इकडेतिकडे बघायचं. पण कॅमेरा सुरू झाला की पोरगा ताठ. 'बहीण हरवलीय, बावरल्यासारखा चाल' असं सांगून काही होईना.

राय यांनी मग दोन गोष्टी केल्या. त्याच्या वाटेत छोट्या छोट्या काटक्या टाकून ठेवल्या, म्हणजे त्या ओलांडताना त्याची चाल आपोआप अडखळेल. आणि सहाय्यकांना गवतात वेगवेगळ्या जागी लपवलं. ते ठरलेल्या वेळी आलटून पालटून त्याला हाक मारायचे. हाक आली की पोरगा थांबून त्या बाजूला बघायचा.

पडद्यावर आपल्याला दिसतो बहिणीला शोधणारा बावरलेला अपू. सुबीर मात्र फक्त काटक्या ओलांडत होता आणि हाका ऐकत होता.

(पुढचा आठवडाभर हा सीन अर्धाच राहिला. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तेव्हा गुरांनी सगळं गवत खाऊन टाकलं होतं. तुरे परत येईपर्यंत वर्षभर थांबावं लागलं.)

ही युक्ती फक्त मुलांसाठी नाही. अनुभवी दिग्दर्शक मोठ्या नटालाही 'जास्त दुःखी हो' असं सांगत नाहीत. कारण 'दुःखी हो' म्हटलं की माणूस दुःखी दिसण्याचा प्रयत्न करतो, आणि तो प्रयत्न कॅमेऱ्यात लगेच दिसतो. त्यापेक्षा 'ताटातला घास संपव, पण त्याच्याकडे बघू नकोस' असं सांगितलं, तर नटाला करायला काहीतरी मिळतं. भावना त्याच्या मागून येते.

पद्धत २ : स्क्रिप्टच देऊ नका

जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा मुलांसोबत काम करण्यासाठी जगभर ओळखले जातात. ते बऱ्याचदा मुलांच्या हातात स्क्रिप्ट देतच नाहीत. शॉटच्या आधी जवळ बसतात, प्रसंग सांगतात, काय बोलायचं ते तोंडी सांगतात. मूल ते आपल्या शब्दांत बोलतं.

कारण सोपं आहे. घरी आईबाबांनी घोकून घेतलेला संवाद लगेच ओळखू येतो. आपल्याकडच्या शाळेच्या गॅदरिंगमधली भाषणं आठवा. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग" म्हणणारा पोरगा काय बोलतोय हे त्याला स्वतःलाही कळत नसतं.

कोरे-एदा यांच्या 'नोबडी नोज' मध्ये आई सोडून गेलेली चार भावंडं आहेत. शूटिंग वेगवेगळ्या ऋतूंत, जवळपास वर्षभर चाललं. त्या काळात मोठ्या भावाचं काम करणाऱ्या युया यागिराची उंची वाढली, आवाज फुटायला लागला. दिग्दर्शकाने ते लपवलं नाही, सिनेमात घेतलं. २००४ च्या कान महोत्सवात यागिराला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९५९ मध्ये 'द फोर हंड्रेड ब्लोज' मध्ये असंच केलं होतं. सुधारगृहातल्या मुलाशी मानसोपचारतज्ज्ञ बाई बोलतात, असा सीन आहे. पडद्यावर फक्त मुलगा दिसतो, बाईंचा आवाज ऐकू येतो. प्रत्यक्षात समोर बाई नव्हत्याच. त्रुफो स्वतः प्रश्न विचारत होते आणि ज्याँ-पिएर लेओ मनाने उत्तरं देत होता. बाईंचा आवाज नंतर टाकला. तो लाजतो, नाक खाजवतो, मध्येच हसतो. हे कुणी लिहून देऊ शकत नाही.

पण हे जमायला एक गोष्ट लागते, ती म्हणजे विश्वास. समोरचा माणूस आपल्यावर हसणार नाही, चुकलो तर ओरडणार नाही, याची मुलाला खात्री असावी लागते. त्रुफो आणि लेओ यांनी त्यानंतर त्याच पात्रावर १९७९ पर्यंत एकत्र सिनेमे केले. सेटवरचं नातं वीस वर्षं टिकलं.

पद्धत ३ : गोष्ट घडते त्याच क्रमाने शूट करा

सिनेमाचं शूटिंग सहसा उलटसुलट चालतं. लोकेशन मिळालं, कलाकाराची तारीख मिळाली की शेवटचा सीन पहिल्या दिवशीही होतो. खर्च वाचतो. मोठ्या नटाला सवय असते.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९८२ च्या 'ई. टी.' साठी हे टाळलं. सिनेमा बराचसा गोष्टीच्या क्रमाने शूट केला. त्यामुळे परग्रहावरच्या त्या जिवाचा निरोप घ्यायचा सीन आला, तोवर मुलं त्या बाहुल्यासोबत अनेक आठवडे राहिली होती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. कुणाला धमकी द्यावी लागली नाही, कुणाला फसवावं लागलं नाही. शूटिंगचं वेळापत्रक नीट आखलं, एवढंच.

हे महाग पडतं, हे खरं. पण इथेच कळतं की मुलांसोबतचं दिग्दर्शन 'ॲक्शन' म्हणण्याच्या खूप आधी, शेड्युलच्या कागदावर सुरू होतं.

पद्धत ४ : शूटिंगलाच शाळेचा तास करा

या यादीतलं सगळ्यात भन्नाट उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. 'तारे जमीन पर' लिहिणारे अमोल गुप्ते यांनी २०११ मध्ये 'स्टॅनले का डब्बा' केला. डबा आणू न शकणाऱ्या एका पोराची गोष्ट.

गुप्ते यांनी अंधेरीतल्या एका शाळेत मुलांसाठी शनिवारी कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. दर शनिवारी चार तास. हे जवळपास दीड वर्ष चाललं. शूटिंग त्या कार्यशाळेतच होत होतं. मोठा फिल्म कॅमेरा, ट्रॉली, लाइट्स असा ताफा नव्हता. फोटो काढायला वापरतात तसल्या छोट्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर सिनेमा घेतला. आपण सिनेमात काम करतोय, याचं ओझं मुलांच्या डोक्यावर नव्हतंच. कुणाचा शाळेचा एक दिवस बुडाला नाही.

मुख्य भूमिकेतल्या पार्थो गुप्तेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. हा सिनेमा शेवटी बालमजुरीवर बोलतो. आणि तो बनवताना एकाही मुलाकडून मजुरासारखं काम करून घेतलं नाही.

इथे कुणी म्हणेल, मुलांना सिनेमाचं माहीतच नव्हतं, मग ही पण फसवणूक नाही का? विचार करण्यासारखा मुद्दा आहे. माझ्या मते फरक असा, की मुलांना जे सांगितलं होतं तेच तिथे घडत होतं. कार्यशाळा खरीच होती, खेळही खराच होता. कुणाला घाबरवून त्याची भीती टिपली जात नव्हती.

पद्धत ५ : बाकीचं काम एडिटिंग टेबलवर सोडा

आता थोडी आतली गोष्ट. दरवेळी मुलाने रडायची गरजच नसते.

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्यापुढे एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. चेहरा तोच, शॉट तोच. पण बघणाऱ्याला तो कधी भुकेला वाटायचा, कधी दुःखी, कधी आसक्त.

म्हणजे अर्धा अभिनय प्रेक्षक स्वतःच्या मनात करतो. गप्प बसलेलं पोर, त्याच्या पुढे रिकामी खाट, मागे घड्याळाची टिकटिक. झालं. आपल्या डोळ्यांत पाणी येतं, पोराच्या डोळ्यांत नसलं तरी.

'फँड्री' आठवा. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे हा गावात हलगी वाजवणारा पोरगा. अभिनयाचा अनुभव शून्य. सिनेमातला सगळ्यात अंगावर येणारा क्षण कोणता? शेवटी तो दगड उचलून भिरकावतो आणि तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. तिथे अश्रू नाहीत, मोठा संवाद नाही. पोराला करायची आहे फक्त एक कृती, दगड मारायची. त्याआधीच्या दीड-दोन तासांत नागराज मंजुळे यांनी आपल्याला जे दाखवलंय, ते सगळं त्या दगडात जमा झालेलं असतं.

ज्याला गोष्ट रचता येते, त्याला पोराला छळावं लागत नाही.

मग काही जण शॉर्टकट का घेतात?

कारण वर सांगितलेल्या प्रत्येक पद्धतीला वेळ लागतो. आणि सेटवर वेळ म्हणजे पैसा.

कल्पना करा. शंभर माणसांचं युनिट उभं आहे. सूर्य मावळायला वीस मिनिटं आहेत. लोकेशन उद्या मिळणार नाही. आणि मुख्य कलाकार, वय वर्षं सात, म्हणतोय, "मला झोप आलीय." अशा वेळी कुणीतरी हळूच म्हणतं, "एक चिमटा काढा ना."

मोठे कलाकार डोळ्यांत ग्लिसरीन घालतात. मुलांच्या डोळ्यांना ते झोंबतं. मग भीती दाखवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय उरतो.

हे फक्त वाईट दिग्दर्शकांनीच केलंय असंही नाही. व्हित्तोरिओ डी सिका यांचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ज' हा जगातल्या सर्वोत्तम सिनेमांपैकी एक. राय यांना सिनेमा करायची प्रेरणा यातूनच मिळाली. त्यातल्या छोट्या ब्रुनोचं काम करणारा एन्झो स्तायोला रडत नव्हता, म्हणून डी सिका यांनी त्याच्या खिशात गुपचूप सिगारेटची थोटकं टाकली आणि सगळ्यांसमोर त्याला थोटकं गोळा करणारा म्हणून चिडवलं, असा किस्सा नेहमी सांगितला जातो.

बहुतेक वेळा हा किस्सा कौतुकाने सांगतात. 'बघा, केवढा हुशार दिग्दर्शक!' पण क्षणभर त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच माणसाने सगळ्यांसमोर चिडवलं, आणि ते सगळं कॅमेऱ्यात रेकॉर्ड होत होतं.

शूटिंग संपल्यावर काय?

आणखी एक प्रश्न आहे, जो पुरस्काराच्या फोटोत दिसत नाही.

मीरा नायर यांनी १९८८ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरच्या मुलांना घेऊन 'सलाम बॉम्बे' केला. आधी मुलांची कार्यशाळा घेतली. रंगकर्मी बॅरी जॉन मदतीला होते. त्यातूनच सिनेमातली मुलं निवडली. सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मुख्य भूमिका करणाऱ्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे शफीक बंगळुरूला परतला आणि रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा काहीच नाही. पण जगाने टाळ्या वाजवलेल्या मुलासाठी नंतर कुणाची जबाबदारी असते, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. नायर यांनी तो प्रश्न झटकला नाही. सिनेमानंतर रस्त्यावरच्या मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' सुरू झाला आणि तो आजही काम करतो.

पैशांची गोष्ट तर त्याहून जुनी. आपला पहिला जॅकी, म्हणजे जॅकी कूगन, याने लहानपणी लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळपास सगळे उडवले. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, पण हाती फार थोडं आलं. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला. त्याला आजही 'कूगन कायदा' म्हणतात.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सिनेमा, मालिका, जाहिराती यांतल्या बालकलाकारांना अटींसह सूट दिली. मुख्य अट अशी की शाळा बुडता कामा नये. २०१७ च्या नियमांमध्ये या अटी स्पष्ट लिहिल्या आहेत :

• मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. विश्रांती न देता सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही.

• सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही.

• शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यावी लागते.

• जास्तीत जास्त ५ मुलांमागे त्यांची काळजी घेणारी एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी.

• मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावे लागतात.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेता येत नाही.

ही शेवटची अट नीट वाचा. कायद्याच्या भाषेत ते 'टाईम प्लीज' च आहे.

अडचण अशी की तास मोजता येतात, मुदत ठेवीची पावती दाखवता येते. पण 'इच्छा' कशी मोजणार? आईबाबा समोर आशेने उभे आहेत, दिग्दर्शक काका चॉकलेट देतायत, शंभर माणसं वाट बघतायत. अशा वेळी सात वर्षांचं मूल 'नको' म्हणू शकतं का? म्हणून 'नको' म्हणायची वाट मोठ्यांनी उघडी ठेवावी लागते. टेकच्या आधी विचारायचं, "करायचंय ना? नसेल तर खेळून ये, मग बघू." आणि ते मनापासून विचारायचं.

आणि आता आपला सेट

हे सगळं वाचून वाटेल, सिनेमावाल्यांचा प्रश्न आहे, आपल्याला काय!

पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रील्स उघडा. 'तुझी आई तुला सोडून गेली' असं सांगून पोराला रडवणारा व्हिडिओ. टेडी बेअर खिडकीतून फेकल्याचं नाटक आणि त्यावर किंचाळणारी मुलगी. खाली हसण्याचे इमोजी. 'सो क्यूट.'

हा जॅकी कूपरचाच सेट आहे. दिग्दर्शक आईबाबा, कॅमेरा मोबाइलचा. कुत्र्याऐवजी टेडी. फक्त इथे पाच तासांचा नियम नाही, दंडाधिकाऱ्यांची परवानगी नाही, आणि मुलाच्या नावावर मुदत ठेवही नाही. लाइक्स मात्र आपण देतो.

त्यामुळे पुढच्या वेळी पडद्यावर एखादं मूल रडताना दिसलं, तर तो सीन जरूर अनुभवा. चांगला असेल तर रडाही. पण नंतर एकदा मनाशी विचारा, या पोराला माहीत होतं का, की हा खेळ आहे? सिनेमाच्या बाबतीत उत्तर शोधायला थोडं वाचावं लागेल. मोबाइलवरच्या व्हिडिओत ते बहुतेक वेळा पहिल्या पाच सेकंदांतच दिसतं.

आणि माहीत नव्हतं असं दिसलं, तर निदान तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. त्या पोराला 'टाईम प्लीज' म्हणता आलं नाही. आपण त्याच्या वतीने म्हणू शकतो.